हुसेनसागरावर ऑप्टिमिस्ट: एका रेगाटाचा रोजनामा

बुधवार

सीएसएमटीहून रात्री सुटणाऱ्या हुसेनसागर एक्स्प्रेसमध्ये 2.35 मीटर लांबीची डोलकाठी कुठे ठेवायची, हे कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. खालच्या बर्थखाली सारली तर टोक वाटेत येतं, वर ठेवावी तर वळणावर घरंगळते. शेवटी शिडाच्या गुंडाळीसकट खिडकीपासून वाटेपर्यंत तिरकी लावली आणि टोकाला टॉवेल बांधला. टीसींनी तिकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं, आणि "मासे पकडायला?" एवढंच विचारून पुढे गेले.

भाची मुंबईच्या बंदरात सराव करते. तिची होडी तिथेच ठेवली. हैदराबादच्या रेगाटाला, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींच्या मालिकेला, भाड्याची होडी मिळणार होती. शीड, डोलकाठी, बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी), स्प्रिट (शिडाचा वरचा कोपरा उचलणारी तिरकी काठी), डॅगरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात सोडायची फळी) आणि सुकाणू मात्र आमचं आम्हीच न्यायचं. होडी म्हणजे ऑप्टिमिस्ट. क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने 1947 साली फ्लोरिडात मुलांसाठी आखलेली चौकोनी नाकाची पेटी: लांबी 2.36 मीटर, वजन 35 किलो, आत एकच मूल. दिसायला खेळणं, पण जगभरातले बरेच ऑलिंपिक शिडवाले लहानपणी याच पेटीत बसलेले असतात.

दिवा मालवेपर्यंत नोटीस ऑफ रेस पुन्हा वाचली. शर्यतीचं निमंत्रण, वेळापत्रक आणि अटी सगळं यात एकत्र असतं. मोबाइलवर आलेली पीडीएफ पालक वरवर चाळतात आणि शुल्क भरून मोकळे होतात. पण त्यातल्या एकेका ओळीवर मूल पाण्यात उतरणार की काठावर बसणार हे ठरतं. म्हणून मी ती छापून घेतली होती आणि अटींखाली रेघा मारल्या होत्या. कोणते नियम लागू, वय किती, कागद कोणते, मोजमाप कधी, किती शर्यती झाल्या म्हणजे मालिका वैध, सगळ्यात वाईट निकाल केव्हा वगळायचा, सगळं त्यात होतं. "मामा, तू शाळेतल्या बाईंसारखं करतोस," असं म्हणून ती वरच्या बर्थवर झोपून गेली.

गुरुवार

नामपल्लीला उतरून सामान टाकलं आणि थेट तलावावर गेलो. हुसेनसागर सोळाव्या शतकात इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात बांधला गेला. मधोमध 18 मीटर उंचीचा एकसंध दगडातला बुद्ध उभा आहे. 1990 मध्ये तराफ्यावरून नेताना तो पाण्यात पडला होता. सुमारे दोन वर्षं तळाशी राहिला आणि 1992 मध्ये वर काढून बसवला गेला. उत्तरेच्या काठावर संजीवय्या पार्कात 291 फूट उंचीच्या खांबावर राष्ट्रध्वज आहे. पर्यटक त्याचे फोटो काढतात. शिडाच्या होडीतली मुलं मात्र सकाळी आल्याआल्या तो कुठल्या दिशेला फडकतोय ते बघतात.

नोंदणीच्या टेबलावर रांग होती. कागद असे: जन्मदाखला, यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाची नोंदणी, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोहता येतं याचं पत्र, पालकांची सही असलेलं जबाबदारीचं संमतिपत्र आणि होडीचा विमा. आई-वडील सोबत नसल्याने माझ्या नावाचं वेगळं पत्र लागलं. ते पत्र म्हणजे नुसती औपचारिकता नाही. शिडाच्या शर्यतींच्या नियमपुस्तकात 'सपोर्ट पर्सन' नावाची व्याख्या आहे. तिच्यात प्रशिक्षक येतो तसेच पालकही येतात. मुलाने शर्यतीत नाव दिलं की त्याच्यासोबत आलेली मोठी माणसंही नियमांना बांधली जातात. त्यांनी आगळीक केली तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते, आणि प्रसंगी मुलाच्या गुणांवरही तिचा परिणाम होतो. मी सही करताना टेबलामागच्या बाईंनी हे तीनदा सांगितलं. मागून कळलं की प्रत्येकाला तीनदाच सांगतात.

वयाची अट सोपी आणि निष्ठुर आहे. ज्या वर्षी पंधरा पूर्ण होतात त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत ऑप्टिमिस्ट. वाढदिवस जानेवारीत असो वा नोव्हेंबरात, तारीख तीच. भाचीच्या जन्मदाखल्यावर बाईंनी पेनाने टिचकी मारली आणि म्हणाल्या, "शेवटचं वर्ष." तिने मान डोलावली.

खरा दिवस मोजमापात गेला. शेडमध्ये तीन टेबलं, त्यांच्यामागे तीन मोजणारे, आणि कुणालाच घाई नाही. पहिल्यांदा डोलकाठीवरच्या खुणेच्या पट्ट्या बघितल्या. मग शीड बांधायला लावलं आणि कोपऱ्यांपाशी शीड व काठी यांच्यात एक बारीक मापपट्टी सरकवून पाहिली. अंतर दहा मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. काठीला शीड ज्या दोऱ्यांनी बांधतात त्या ओल्या झाल्या की ताणतात. जोराच्या वाऱ्यात एखादी ढिली पडली, तर काठावर परतल्यावर तपासणीत सापडू शकते. म्हणून भाचीच्या सरांनी सगळ्या दोऱ्या आदल्या आठवड्यात भिजवून, ताणून ठेवल्या होत्या. वरच्या कोपऱ्यात पट्टी अडकली. मोजणाऱ्याने काही न बोलता दोरीकडे बोट दाखवलं. भाचीने ती सोडून पुन्हा बांधली, पट्टी सहज सरकली, आणि शिडावर सही झाली.

भाड्याच्या होडीचं वेगळंच. तिच्यातल्या तीन हवेच्या पिशव्या अंगठ्याने दाबून बघितल्या. एक मऊ लागली, ती बदलायला सांगितली. पाणी उपसायचा डबा दोरीने होडीला बांधलेला हवा, एक वल्हं हवं. पुढच्या टोकाला तरंगणारी ओढदोरी किमान आठ मीटर लांब हवी. तिचं माप मोजणाऱ्याने खरोखर टेपनेच घेतलं. डोलकाठी पायथ्याशी अशी अडकवलेली हवी की होडी पूर्ण उलटी झाली तरी ती निघता कामा नये. हा नियम शर्यतीपेक्षा होडीच्या जिवासाठी आहे. उलट्या होडीतून अर्धवट सुटलेली काठी तळ फोडते. लाइफ जॅकेटवरचं लेबल वाचून पाहिलं: आयएसओ 12402-5, पन्नास न्यूटन. शिट्टी जॅकेटला बांधलेली होती. दोन मुलांना परत पाठवलं. एकाच्या जॅकेटवरचं लेबल धुऊन पुसलं गेलं होतं, दुसऱ्याची शिट्टी घरी राहिली होती.

शिडावरचा नंबर मुंबईचा, होडी हैदराबादची. भाड्याच्या होडीवर स्वतःच्या शिडाचा नंबर चालतो, पण ती परवानगी नोटीसमध्ये किंवा सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (शर्यतीच्या लेखी सूचनांमध्ये) लिहिलेली असावी लागते. आमच्या नोटीसमध्ये ती ओळ होती. मी रेघ मारलेल्या ओळींपैकी हीच कामाला आली, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

शुक्रवार

सकाळी वारा पडला होता. झेंडा खांबाला चिकटून. काठावरच्या खांबावर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा एपी झेंडा चढला: शर्यत लांबणीवर. मुलं पत्ते खेळत बसली, पालक चहा पीत बसले. सूचनाफलकावर नवा कागद लागला की एल झेंडा वर जायचा. तो दिसला की जाऊन वाचायचं, "मला कुणी सांगितलं नाही" हे उत्तर चालत नाही.

दुपारी नैर्ऋत्येकडून झुळूक आली, एपी उतरला. पाण्यात जाण्याआधी प्रत्येक मुलाने बोर्डावरून आपल्या नंबरची टॅली, म्हणजे बिल्ला, काढायची, परतल्यावर लावायची. विसरलं तर दंडाचे गुण लागतात. कारण सरळ आहे: पाण्यावर अजून कुणी राहिलंय का, हे दुसऱ्या कशाने कळत नाही.

मला प्रेक्षकांच्या मोटारबोटीत जागा मिळाली. सुरुवातीची पाच मिनिटं ज्याने पाहिली नाहीत त्याने शर्यत पाहिलीच नाही म्हणायला हरकत नाही. पाच मिनिटांना वर्गाचा झेंडा, चारला तयारीचा, एकाला तयारीचा खाली, शून्याला सुरू. रेघ म्हणजे शर्यत चालवणाऱ्या कमिटीच्या बोटीचा खांब आणि दुसऱ्या टोकाचा बोया यांच्यामधली कल्पनेतली दोरी. तिच्याखाली सगळ्या होड्या वारा पकडत, सोडत, एकमेकींना ढकलल्यासारख्या करत उभ्या. शून्य व्हायच्या आत निम्मा ताफा पुढे सरकला. दोन भोंगे वाजले, निळा-पिवळा झेंडा: जनरल रिकॉल, सगळे परत.

दुसऱ्यांदा तयारीला लाल-पांढऱ्या चौकटींचा यू झेंडा लागला. शेवटच्या मिनिटात रेघेच्या दोन टोकांपासून पहिल्या मार्कापर्यंतच्या (ज्याला वळसा घालायचा त्या बोयापर्यंतच्या) त्रिकोणात कुणी सापडलं तर बाद. मात्र पुन्हा रिकॉल झाला तर ते बाद होणं पुसलं जातं. काळा झेंडा याच्याही पुढचा: त्यात बाद झालेल्याला शर्यत नव्याने सुरू झाली तरी धावता येत नाही. यू बघताच ताफा दोन हात मागे आला, आणि शर्यत सुटली.

वारा हलका होता, आणि हलक्या वाऱ्यात मोह होतो. होडी अंगाने डोलवली, शीड सारखं ओढलं-सोडलं की पंख्यासारखा झटका मिळतो. नियम 42 त्याला मनाई करतो: होडी वाऱ्याने आणि पाण्यानेच पुढे जायला हवी. पाळत ठेवायला पंचांची रबरी बोट मागे फिरते. वाऱ्यासोबत जाण्याच्या टप्प्यात शिट्टी वाजली, पिवळा झेंडा भाचीकडे वळला आणि तिचा नंबर ऐकू आला. तिने ताबडतोब बाजूला जाऊन दोन गिरक्या घेतल्या, म्हणजे प्रत्येकीत एक टॅक (होडीचं नाक वाऱ्यातून वळवणं) आणि एक जाइब (मागची बाजू वाऱ्यातून वळवणं). सहा होड्या निघून गेल्या. याच रेगाटात दुसऱ्यांदा पिवळा दिसला तर गिरक्या पुरत नाहीत, ती शर्यत सोडावी लागते. काठावर आल्यावर ती चिडलेली होती. पंचांवर नव्हे, पुढच्या मुलावर: तोही डोलवत होता, त्याला शिट्टी मिळाली नाही. सर म्हणाले, "ते त्यांना दिसलं नाही. तुझं दिसलं."

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलं ते तिसऱ्या मार्काशी घडलेलं. तिथे पंचांची बोट नव्हती, आम्हीच तेवढे जवळ होतो. गर्दीत एका बारक्या मुलाच्या बूमचं टोक बोयाला घासलं. आवाज झाला नाही, बोया हललाही नाही. मुलाने मागे वळून पाहिलं, गर्दीतून बाहेर पडला, एक पूर्ण गिरकी घेतली आणि शेवटून दुसरा झाला. मार्काला स्पर्श झाला तर एक गिरकी, दुसऱ्या होडीचा हक्क मोडला तर दोन. शिट्टी कुणी वाजवायची वाट बघायची नाही. नियमपुस्तकाच्या पहिल्या पानांवर लिहिलंय की नियम मोडणारा स्वतःहून दंड घेईल. ताफ्याच्या शर्यतीत पाण्यावर सीमारेषेवरच्या पंचासारखं कुणी नसतं, पिवळ्या झेंड्याचा अपवाद सोडला तर. क्रिकेटमध्ये बॅटला लागल्यावर चालू लागणाऱ्या फलंदाजाच्या बातम्या होतात. इथे अकरा वर्षांच्या पोराने तेच केलं आणि त्याच्या प्रशिक्षकानेही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शनिवार

रात्रभर पाऊस पडला होता. सकाळी वाऱ्याला झटके होते: काठावरच्या इमारतींवरून खाली उतरणारा वारा इथे एकसारखा येत नाही, पाण्यावर काळे डाग धावत येतात आणि होडी त्यांत सापडली की आडवी होते. कमिटी बोटीवर वाय झेंडा, म्हणजे लाइफ जॅकेट सक्तीने. ऑप्टिमिस्टमध्ये ते एरवीही घालावंच लागतं.

पाण्यात जायचं की नाही, हे कमिटी ठरवत नाही. नियम 3 म्हणतो की शर्यतीत भाग घ्यायचा की चालू ठेवायची, ही जबाबदारी त्या होडीचीच. आमच्या शेजारच्या एका पालकांनी मुलीला उतरूच दिलं नाही, आणि कुणी त्यांना समजवायला गेलं नाही.

भाचीला असला वारा आवडतो. पहिल्या चढावर, म्हणजे वाऱ्याविरुद्ध जायच्या टप्प्यावर, ती पुढच्या टोळीत होती. दुसऱ्या चढावर एक मोठा मुलगा पोर्ट टॅकवर, म्हणजे डाव्या बाजूने वारा घेत, तिच्यासमोरून निघाला. ती स्टारबोर्डवर (वारा उजव्या बाजूने), म्हणजे वाट तिची. नियम 10 इतका साधा आहे: पोर्टवाल्याने दूर राहायचं. त्याला वाटलं तो पुढून निघेल. तिला वाटलं नाही. तिने सुकाणू ओढून होडी खाली वळवली, तो वरून निसटला, आणि तिची हरकतीची हाक, "प्रोटेस्ट!", आमच्या बोटीपर्यंत ऐकू आली. मोठ्या होड्यांना लाल झेंडाही दाखवावा लागतो. सहा मीटरपेक्षा छोट्या होडीला नुसती हाक पुरते, पण ती लगेच द्यावी लागते. त्याने गिरक्या घेतल्या नाहीत.

याच शर्यतीत काठाकडच्या बाजूला दोन होड्या उलटल्या. एक मुलगा होडीपासून लांब वाहून गेला आणि बचाव बोट ताफ्याच्या दुसऱ्या टोकाला होती. तिसऱ्या-चौथ्या जागी असलेली एक मुलगी वाट सोडून त्याच्याकडे गेली, त्याला आपल्या होडीला धरून ठेवलं, बोट आल्यावरच निघाली. शेवटच्या पाचात आली. संध्याकाळी तिला रिड्रेस मिळाला: अडचणीत असलेल्याला मदत करणं हा नियमपुस्तकातला पहिलाच नियम आहे, आणि तो पाळताना जागा गेली तर गुण सुधारून देतात. तिला बाकीच्या शर्यतींच्या सरासरीचे गुण दिले. सरांनी मुलांना 1988 च्या सोल ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू फिन या एकट्याने चालवायच्या होडीच्या वर्गात दुसरा असताना सिंगापूरच्या दोन बुडणाऱ्या खलाशांना वाचवायला वळला आणि 22वा आला. ज्युरीने त्याला त्या शर्यतीचा दुसरा क्रमांक दिला, आणि पुढे पिअर द कुबर्तें पदकही मिळालं.

मग सुनावणी. अर्ज ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या फॉर्मवर, आकृतीसकट द्यावा लागतो. भाचीने पेन्सिलीने चार छोट्या होड्या काढल्या, वाऱ्याचा बाण काढला आणि खोडून पुन्हा काढला. मला मागे खुर्ची मिळाली, एक शब्द बोलायचा नाही आणि फोन बाहेर ठेवायचा या अटीवर. टेबलावर लाकडी होड्या होत्या, एक लाल, एक हिरवी.

आधी प्रोटेस्ट वैध आहे का ते पाहिलं. हाक दिली का, केव्हा दिली, त्याला ऐकू आली का. मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, आली. त्यानंतरच प्रसंगाला हात घातला. दोघांनी लाल-हिरव्या होड्या सरकवून दाखवल्या. पंचांनी विचारलं: "वळलीस तेव्हा दोघांत किती अंतर?" "एक होडी." त्याला विचारलं, तो म्हणाला, "दीड." "ती वळली नसती तर?" तो बराच वेळ टेबलावरच्या होडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "निघालो असतो. बहुतेक."

त्या "बहुतेक"वर निकाल लागला असं मला वाटतं, जरी लेखी निकालात तसं नव्हतं. तिथे एवढंच होतं की स्टारबोर्डच्या होडीला टक्कर होईल अशी रास्त भीती वाटली, म्हणून ती वळली. टक्कर व्हायलाच हवी असं नाही. मुलगा बाद. बाद झालेल्याला नाव दिलेल्या होड्यांपेक्षा एक गुण जास्त मिळतो. ज्याचे गुण कमी तो जिंकतो, असा खेळ असल्याने तो फार मोठा बोजा असतो. पाण्यावर दोन गिरक्या घेतल्या असत्या तर चार-पाच जागाच गेल्या असत्या. बाहेर आल्यावर तो भाचीला म्हणाला, "घ्यायला हव्या होत्या." ती म्हणाली, "हो." दोघं टॅली बोर्डाजवळ बिस्किटं खात बसले.

काठावर एका वडिलांना त्याच दुपारी समज मिळाली. ते पार्काच्या कठड्यावरून मुलाला "डावीकडे घे" असं ओरडत होते. शर्यत चालू असताना बाहेरून मदत घेता येत नाही, आणि प्रशिक्षकांच्या बोटींनाही तयारीच्या झेंड्यापासून शेवटची होडी येईपर्यंत हद्दीबाहेर थांबावं लागतं. वडिलांचा चेहरा पडला. मुलगा मात्र उजवीकडे गेला होता.

रविवार

शेवटच्या दिवसाला एक अट असते: ठरावीक वेळेनंतर पहिला इशारा द्यायचा नाही, म्हणजे लांबून आलेल्यांच्या गाड्या चुकत नाहीत. वारा आला तो त्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. एक शर्यत बसली. भाचीची सुरुवात वाईट झाली, पण पहिल्या चढावर तिने उजवा काठ धरला, तिकडे वारा फिरला आणि ती नवव्या जागेवर आली. आठवड्यातला तिचा तो सगळ्यात चांगला निकाल.

वाईटात वाईट एक निकाल वगळल्यावर ती एकूण यादीत मधोमध राहिली. शुक्रवारची पिवळ्या झेंड्याची शर्यत वगळली गेली, त्यामुळे ती खूश. मार्काला घासलेला बारका मुलगा तिच्याहून दोन जागा वर होता. बाद झालेल्या मोठ्या मुलानेही तीच शर्यत वगळली आणि तिसरा आला. बक्षीस घेताना त्याच्या हातात ट्रॉफी आणि काखेत सुकाणू होतं. सुकाणू का, ते कुणीच विचारलं नाही.

सामान बांधताना सर आले. डिसेंबरनंतर तिला आयएलसीए 4 मध्ये जावं लागेल: होडी चार मीटरपेक्षा लांब, शीड 4.7 चौरस मीटरचं. नेहा ठाकूरने 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत याच वर्गात रौप्य मिळवलं. भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये घडलेली मुलगी ती. त्या होडीचं वजन वेगळं, मोजमाप वेगळं, संमतिपत्र पुन्हा नवीन. सरांनी पुढच्या स्पर्धेची नोटीस फोनवर पाठवली. भाचीने माझ्या आधी उघडली, आणि पहिला प्रश्न विचारला तो अंगावरच्या कपड्यांच्या वजनाचा: ओले कपडे आठ किलोच्या वर गेले तर काय होतं?

सर म्हणाले, "वाच. तिसऱ्या पानावर आहे."